नकाशावरची शाल

१

सोमवारी सकाळी गुलाबभाऊ कटरेंचा फोन आला तेव्हा माझी दाढी अर्धीच झाली होती.

"सर, तुमची सत्काराची शाल वापस घेऊन जा," ते म्हणाले. ना नमस्कार, ना बाकी काही. "काल माह्या बांदीत चार गाड्या आल्या. सारस घरटं सोडून उडाला. दोन घंटे वापस नाई आला."

उरलेली दाढी तशीच राहिली.

गुलाबभाऊंच्या बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, या पावसाळ्यात सारस पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. घरट्यात दोन अंडी होती. भाऊंनी त्या कोपऱ्यातली रोवणीच सोडून दिली होती, आणि जागा आमच्या विभागाबाहेर कुणाला कळणार नाही, असा मी त्यांना शब्द दिला होता. माणसं फोटो काढायला गोळा झाली की पक्षी उठतो. फार वेळ उठून राहिला की अंडी गेली.

रविवारी अकरा जण आले होते, गळ्यात हातभर लांबीच्या लेन्सा अडकवून. भाऊंनी काठी घेऊन त्यांना हाकललं. पण हाकलण्याआधी, जागा कळली कशी म्हणून विचारलं, आणि एकाच्या मोबाईलवरचा फोटो आपल्या नातीच्या, टीनाच्या मोबाईलवर मागून घेतला. टीनानं तो मला पाठवला. मी तो उघडला. तो माझ्या खोलीतल्या भिंतीवरचा नकाशा होता.

मी नाईकवडे. मूळचा सांगलीकडचा, पण अठरा वर्षं इथं, कोहमाऱ्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या पदव्युत्तर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि विभाग सांभाळतो. रागीट म्हणून माझं नाव आहे आणि ते मी मेहनतीनं मिळवलेलं आहे.

नकाशावर सारस दिसल्याच्या जागी लाल टाचण्या आहेत. पिवळी टाचणी एकच, भाऊंच्या बांदीवर. ती मी शुक्रवारी संध्याकाळी स्वतः टोचली होती. शनिवारी पाच वाजता खोलीला कुलूप लावलं तेही मीच, आणि किल्ली सोमवारपर्यंत माझ्याच खिशात होती. मोबाईलवरच्या फोटोत पिवळी टाचणी स्पष्ट दिसत होती. म्हणजे फोटो शनिवारीच निघाला होता, आणि शनिवारी आमच्याकडे परिसर भेट होती.

एम.एस्सी.ला अर्ज केलेली मुलं दरवर्षी या दिवशी आईवडिलांसह महाविद्यालय बघायला येतात. अर्ज तेवीस, जागा बारा. मागं एका भेटीत कुणीतरी वाचनालयात झोपलेल्या मुलाचा फोटो काढून सगळीकडे फिरवला, कुणी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या मुलींचा काढला. तेव्हापासून मी दारात पाटी लावली आहे. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. प्रयोगशाळेत व विभागप्रमुखांच्या खोलीत मोबाईल नेऊ नये. अक्षर माझंच आहे.

शिवाय त्या दिवशी सकाळीच आमच्या रुक्माबाईंनी नकाशावर एक शाल टांगली होती. पडद्याला कापड नव्हतं, पण शाली माझ्या कपाटात एकोणीस आहेत. प्राध्यापकाला दुसरं काही मिळो न मिळो, शाली मिळतात. दहा वाजता नकाशावर शाल होती, पाच वाजता कुलूप लावताना शाल होती. मधल्या वेळात कुणीतरी ती उचलली होती.

प्राचार्य मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या चारला प्रवेश समिती आहे, पाचला यादी लागेल," त्या म्हणाल्या. "ज्यानं हे केलं त्याचं नाव यादीत राहणार नाही. नाव तुम्ही द्या."

नाव माझ्याकडे होतं. शनिवारी दोन वाजता जेवून परत आलो तेव्हा माझ्या रिकाम्या खोलीत, त्याच भिंतीसमोर, हातात मोबाईल घेऊन एक मुलगी उभी असलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. "मोबाईल बाहेर!" म्हणून मी ओरडलो तशी ती काही न विचारता निघून गेली होती. तिचं नाव समीक्षा रामटेके.

२

"ते पोरगी नाई," रुक्माबाई म्हणाल्या.

रुक्माबाई आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. या इमारतीला दारंखिडक्या लागायच्या आधीपासून इथं आहेत. कोणत्या बरणीत कोणता बेडूक आहे हे मला लेबल वाचून कळतं, त्यांना न वाचता. त्यांच्याशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही, तरी घालतो.

"मी तिला इथं उभी पाहिली, बाई. हातात मोबाईल होता."

"असंल. पर तिनं शनिवारी माले काय विचारलं, माहीत हाय? मावशी, या माठाचा फोटो काढू का म्हने. माठाचा! मी म्हनलं, काढ ना बाई, माठ काय नाई म्हनते का? तं म्हने, पाटीवर लिवलं हाय विचारावं म्हनून. आता जे पोरगी माठाचा फोटो विचारून काढते, ते तुमचा नकाशा चोरून कायले काढंल?"

हे खरं होतं. मलाही तिनं दिवसभर भंडावून सोडलं होतं. सर, या जांभळाच्या झाडाचा काढू का? सर, बसच्या वेळापत्रकाचा? सर, जिन्याचा? संध्याकाळी मी शिपायांना, मास्तरांना विचारलं असतं की आज फोटो कोण काढत होतं, तर सगळ्यांनी एकच नाव घेतलं असतं.

"म्हणूनच," मी म्हणालो, "पन्नास वेळा विचारायचं आणि एक्कावन्नाव्यांदा गुपचूप काढायचा."

रुक्माबाईंनी माझा मोबाईल घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. फोटो फाटक्या कागदासारखा आडवातिडवा कापलेला होता. मधे टाचण्या, वर नकाशाची कड, आणि अगदी खाली तपकिरी केसांसारखं काहीतरी.

"हे काय हाय जी?"

"ब्रश असेल. धूळ झटकायचा."

"तुमच्या खोलीत ब्रश कवा आला? धूळ मी फडक्यानं पुसतो."

मग त्या भिंतीपाशी गेल्या. तिथं दोनच गोष्टी आहेत, शालीखालचा नकाशा आणि त्याच्या शेजारी इमारतीच्या बांधकामाचा जुना, फ्रेम केलेला फोटो. त्यांनी शालीचा खालचा कोपरा हातात घेतला, बोटांनी चाचपला, उलटा करून पाहिला आणि सोडून दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "त्या पोरीले उद्या बोलवा. आनि त्या कॅमेरावाल्या पोराले आज फोन लावा."

३

कॅमेरावाला पोरगा म्हणजे हिमांशू. गोंदिया शहरातला, वडिलांचं कापडाचं दुकान, हुशार, आणि अर्जासोबत त्यानं स्वतः काढलेले पक्ष्यांचे पंधरा फोटो जोडलेले. शनिवारी तो गळ्यात मोठा कॅमेरा घालून आला होता. विभागाच्या दारात रुक्माबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. खोलीत किंवा प्रयोगशाळेत शिरणाऱ्या प्रत्येकानं मोबाईल त्या टोपलीत ठेवायचा. हिमांशूचा कॅमेरा दिवसभर तिथंच होता.

मी मोबाईल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणजे रुक्माबाईंनाही ऐकू जाईल.

"हिमांशू, रविवारी तू सारस बघायला गेला होतास?"

"गया था, सर. सॉरी. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर लोकेशन आली होती. मला वाटलं, सगळेच जाऊन राहिले."

"तो नकाशाचा फोटो तू काढलास?"

"नाही सर! मम्मी की कसम. तुमच्या रूममध्ये मी एक पण फोटो नाही काढला. कॅमेरा तो मावशीके पासच होता, मोबाईल पण. मावशीला विचारा."

मावशी मान डोलावत होत्या. मी फोन ठेवला.

"बघा," मी म्हणालो. "हा सुटला. राहिली कोण?"

"पोरगं खरं बोललं," रुक्माबाई म्हणाल्या. "पर तुमी त्याले एक गोस्ट विचारलीच नाई."

"कोणती?"

"उद्या सांगीन. आज सांगितलं तं तुमी त्याच्यावरबी वरडान."

४

मंगळवारी अकरा वाजता समीक्षा आली. सडक अर्जुनीच्या पुढच्या कुठल्याशा गावाहून दोन बस बदलून आली होती. केस घट्ट बांधलेले, ओढणीला पिना, हातात कागदांची फाईल. मी तिला बसायला सांगितलं नाही. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

"शनिवारी दोन वाजता इथं काय करत होतीस?"

"उभी होती, सर."

"मोबाईल घेऊन?"

"हो. मावशी टोपली घेऊन जेवायला गेल्या होत्या. मला माहीत आहे इथं आणायचा नसते. पण तुम्हाला विचारायचं होतं, आणि विचारून लगेच... म्हणून हातात होता."

"नकाशाचा फोटो काढलास का?"

"नकाशा मी पाहिलाच नाही, सर. तिथं शाल होती."

"मग विचारायचं काय होतं?"

तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं, मग खाली. "आता नको. आता सांगितलं तर तुम्हाला वाटंल, जागेसाठी सांगून राहिली."

तिनं आपला मोबाईल माझ्यासमोर ठेवला. मी पाहिला. एक्केचाळीस फोटो. माठ, जांभूळ, वेळापत्रक, जिना, मेसमधल्या भाजीचा फळा, एका बाकावर कोरलेली तीन नावं. माणूस एकाही फोटोत नव्हता. नकाशाही नव्हता. पण फोटो पुसता येतो, हे आजकाल नातवंडंसुद्धा जाणतात.

"समीक्षा, चारला समिती बसेल," मी म्हणालो. "तू काय विचारायला आली होतीस ते तू सांगत नाहीस. मी काय समजायचं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते खाली पडू दिलं नाही. "या बारा जागांपैकी एक नाही भेटली तर मी पुढं नाही शिकू शकत, सर. नागपूरला राहणं आम्हाला जमत नाही. पण मी नाही काढला."

तेव्हा इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या रुक्माबाई पुढं आल्या. "बाई, शनिवारी शाल कोन्त्या रंगाची होती?"

"मोतिया. काठ लाल. खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता."

मी झटकन भिंतीकडे वळलो. नकाशावर टांगलेली शाल तपकिरी होती, काठ हिरवा, आणि डाग कुठंच नव्हता. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. "खोटं!" मी टेबलावर हात आपटला. "साफ खोटं!"

"खोटं नाई, सर," रुक्माबाई शांतपणे म्हणाल्या. "मी टांगली ते मोतियाच होती. हे शाल मी टांगलीच नाई."

५

समीक्षाला बाहेर बाकावर बसवून रुक्माबाईंनी दार लोटून घेतलं.

"दोन वाजता त्या पोरीनं मोतिया शाल पाह्यली. अडीचच्या बसमंधी मी सोता तिले बसवून देली, बाटलीत पानी भरून. पाच वाजता तुमी कुलूप लावलं तवा हे तपकिरी असंल, तुमाले ओरखता येत नाई ते सोडा. म्हंजे शाल बदलली अडीचच्या बादमंधी. पोरगी तं कोहमाऱ्याले पोचली होती. आता सांगा, अडीच ते पाच या खोलीत काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "साडेतीनला गुलाबभाऊंचा सत्कार झाला, बस."

भाऊ शनिवारी नातीसोबत आले होते. टीनाचाही अर्ज होता. ज्यांनी सारसासाठी आपली बांदी सोडली तेच हे, हे मुलांसमोर सांगावं असं मला ऐनवेळी वाटलं. मी पंधरा-वीस जणांना खोलीत बोलावलं. भाऊंच्या गावाचं नाव घेतलं नाही, इतकी काळजी घेतली. शाल घातली, नारळ दिला, छोटंसं भाषण केलं. मग सगळे चहाला गेले.

"शाला किती आनल्या होत्या?"

"ते गोवर्धनला माहीत."

गोवर्धन आमचे मोठे बाबू. बावीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद हरवला नाही म्हणून मॅडम त्यांचं कौतुक करतात. रुक्माबाईंनी हाक मारली तसे ते आले, भिंतीवरच्या शालीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तीन आनल्या होत्या, सर. पाहुणे तीनच होते. तिघांचे सत्कार सकाळीच झाले. आनि तुमी साडेतीनले एकदम म्हनाले, गोवर्धन, शाल आन! सगळे उभे. दुकान कोहमाऱ्याले. तुमच्या कपाटाची चाबी तुमच्या खिशात. मी मांगितली तं तुमी म्हनाले, मधात बोलू नको, मी भाषन करून राहिलो."

"मग?"

"मंग काय करू? समोर शाल दिसली. तुमी तिकडं पाठ करून उभे होते. मी हळूच काढली, घडी केली आनि तबकात ठेवली. नारळ मेसमधून आनला, चटणीचा होता. चहाच्या वक्ती चाबी मांगितली, तुमी देली, कायले ते विचारलं नाई. कपाटातून दुसरी काढून टांगून देली. मले वाटलं, कोनाचं काय गेलं?"

रुक्माबाईंनी माझ्या मोबाईलवरचा तो कापलेला फोटो उघडून टेबलावर ठेवला आणि खालच्या तपकिरी केसांवर बोट टेकवलं.

"हे ब्रश नाई जी. हे नारळाची शेंडी हाय."

मी मोबाईल जवळ ओढून पुन्हा पाहिलं. शेंडीच होती.

"गोवर्धन," मी विचारलं, "सत्काराचे फोटो कुणी काढले?"

"मी. तुमच्याच मोबाईलमंधी, सर. बाकी सगळ्यांचे टोपलीत होते ना. तुमी मोबाईल हातात देला आनि म्हनले, दोनतीन काढ."

मी फोटो उघडले. आठ होते. तिसऱ्यात माझे डोळे उघडे आहेत आणि पोट त्यातल्या त्यात कमी दिसतं. म्हणून तोच मी चार वाजून दहा मिनिटांनी परिसर भेटीच्या ग्रुपवर, तेवीस घरांना, स्वतःच्या बोटानं पाठवला होता. भाऊ बिचारे लाजून नारळ छातीशी धरून उभे. मी त्यांच्या खांद्यावर मोतिया शाल घालतोय. माझ्या कानाच्या आणि नारळाच्या शेंडीच्या मधे नकाशा, उघडा. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पिवळी टाचणी नीट दिसत होती. तीन दिवस तो फोटो माझ्या खिशात होता, मी तो दहादा तरी पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी फक्त स्वतःला पाहिलं होतं.

"आता त्या पोराले विचारा," रुक्माबाई म्हणाल्या. "फोटो काढला का, हे तुमी विचारलं. पाठवला का, हे विचारलं नाई."

मी फोन लावला. हिमांशू एका मिनिटात कबूल झाला आणि रडायलाच लागला. ग्रुपवरच्या फोटोतला नकाशा त्यानं मोठा करून पाहिला, तेवढाच कापला आणि आपल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. "सर, तुम्हीच टाकला होता ना फोटो. मला वाटलं, तुम्ही टाकला तर चालते."

गुलाबभाऊंना तरी मी कुठं विचारलं होतं, भाऊ, तुमचा फोटो काढू का? सगळ्यांना पाठवू का? पाटी माझी होती, आणि ती न वाचणारा सगळ्या परिसरात मी एकटाच निघालो होतो.

"बाई," मी म्हणालो, "तुम्हाला हे कालच कळलं होतं?"

"शाल बदलली ते काल कळलं, पोराचा संशय आला. बाकी आज." त्या थोडं थांबल्या. "काल सांगितलं असतं तं तुमी आयकलं असतं का?"

६

चार वाजता मी मॅडमच्या समोर कागद ठेवला. त्यावर एकच नाव होतं, माझं.

त्यांनी सगळी हकीकत ऐकली. मधे एकदा चष्मा काढून पुसला, तेव्हा हसू लपवत होत्या असा मला संशय आहे. "नाईकवडे, प्रवेश यादीत तुमचं नाव नाहीच, मी काढू कुठून?" त्या म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "ग्रुपवरचा फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाका. आणि गुलाबभाऊंकडे तुम्ही स्वतः जायचं."

तिथून बाहेर पडलो तो थेट बाकाकडे गेलो. समीक्षा अकरापासून तिथंच बसली होती. रुक्माबाईंनी तिला डबा खायला घातला होता.

"मी चुकलो," मी म्हणालो. "फोटो माझ्यामुळे गेला. तुझ्यावर आळ घेतला, ओरडलो, बसायलासुद्धा सांगितलं नाही. माफ कर."

ती गोंधळून उभी राहिली. अठरा वर्षांत मी विद्यार्थ्याची माफी मागितल्याचं तिथल्या भिंतींनाही आठवत नसेल. "ठीक आहे, सर," ती म्हणाली आणि मग इतका वेळ अडवलेलं पाणी एकदम वाहिलं. रुक्माबाईंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथून निघालो.

पाचला यादी लागली. समीक्षाचं नाव चौथं होतं. टीना सातवी, हिमांशू अकरावा. हिमांशूचं काय करायचं हे मॅडमनी गुलाबभाऊंवर सोडलं. भाऊंनी शिक्षा दिली ती अशी. अंडी फुटेपर्यंत रोज सकाळी येऊन त्यांच्यासोबत बांधावर बसायचं, आलेल्या लोकांना परत पाठवायचं, आणि कॅमेरा घरी ठेवायचा. मी गेलो तेव्हा भाऊंनी मोतिया शाल पेटीतून काढून माझ्यापुढे धरली. कोपऱ्यात शाईचा डाग होता. शाल तुमचीच आहे, मी म्हणालो, विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्यांनी पुष्कळ वेळ माझ्याकडे पाहिलं आणि शाल परत पेटीत ठेवली. दूर कोपऱ्यात सारस अंड्यांवर बसलेला होता, नुसती लाल मान दिसत होती.

यादी लागली त्याच संध्याकाळी समीक्षा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मोबाईल टोपलीत ठेवून आली होती.

"सर, आता विचारू?"

"विचार."

ती आत आली आणि नकाशाच्या शेजारच्या फ्रेमसमोर उभी राहिली. इमारतीच्या स्लॅबच्या दिवशीचा तो फोटो. खाली छापलं आहे, बांधकाम प्रगतिपथावर. डोक्यावर घमेली घेतलेल्या पाच बाया रांगेत चढताहेत. मी रोज तो पाहत होतो आणि त्या बाया मला दिसल्या नव्हत्या.

"ही दुसरी माझी आई आहे," ती म्हणाली. "आणि या झाडाला झोळी बांधली आहे ना, तिच्यात मी. आई नेहमी सांगते, तिथं आमचा फोटो लागला आहे म्हणून. तिनं कधी पाहिला नाही. या फोटोचा एक फोटो काढू का, घरी दाखवायला?"

मी जवळ जाऊन ती झोळी पाहिली. मग म्हणालो, "नको. आईलाच घेऊन ये."

प्रवेशाच्या दिवशी समीक्षाच्या आई, पुष्पाबाई, आल्या. त्याच सकाळी गुलाबभाऊंचा फोन येऊन गेला होता. "एक पिल्लू निंगलं, सर. दुसऱ्याची चोच दिसून राहिली. फोटो मागू नका." मी मागितला नाही, आणि या गोष्टीचा मला अजून अभिमान वाटतो.

पुष्पाबाई फ्रेमसमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. काचेला हात न लावता त्यांनी बोटानं एकेक बाई दाखवली आणि नाव सांगितलं. रुक्माबाईंनी ती पाचही नावं लिहायला सांगितली, मी लिहिली, आणि तो कागद प्रगतिपथाच्या खाली चिकटवला. दोघी एकमेकींना ओळखत होत्या. रुक्माबाई तेव्हा चौकीदारणीच्या खोलीत राहत होत्या आणि तीच झोळी कधीकधी त्यांनीच हलवली होती. हे त्यांनी मला चार दिवस सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सांगितलं असतं तं तुमी म्हनले असते, ओरखीची हाय म्हनून वाचवून राहिली."

मायलेकी फ्रेमखाली उभ्या होत्या. मी मोबाईल काढला, आणि मग पाटी आठवून हात खाली घेतला.

"ताई," मी विचारलं, "तुमचा दोघींचा फोटो काढू का?"

पुष्पाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर, घमेलं घेतलेल्या स्वतःकडे.

"तवा कोनी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं आठवून. मग त्यांनी लेकीला जवळ ओढलं. "काढा ना जी. जरा थांबा, पदर नीट घेऊ द्या."

मी थांबलो.